ऑक्टोबरचा हजेरीपट

जोथम विकमचं अक्षर फार सुरेख होतं. हॅडलॉक गावात तरी त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं. बाप पिंपं बनवायचा, थोरले दोघे भाऊ त्याच धंद्यात; पण हा धाकटा अंगाने किरकोळ, रंधा हातात धरला की आधी बोटं सोलून घ्यायचा. म्हणून त्याला पाद्रीबाबांकडे शिकायला धाडलं. पुढे सतराशे शहात्तरच्या उन्हाळ्यात कनेक्टिकटच्या त्या डोंगराळ मुलखातून इंग्रजांशी लढायला तुकड्या निघाल्या. कप्तान स्पेरीने भरतीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी फुली मारली. जोथमने सही केली. कप्तानाने त्या सहीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून एकवीस वर्षांचा जोथम तुकडीचा कारकून झाला.

काम तसं सोपं होतं. दर महिनाअखेर हजेरीपट करायचा. डाव्या बाजूला नाव आणि नावापुढे एक शब्द: हजर, आजारी, रजेवर, मृत, फरारी. माणसाचा अख्खा महिना त्या एका शब्दात बसवायचा. उरलेल्या वेळात ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची घरची पत्रं लिहून द्यायची. त्याबद्दल कुणी तंबाखू द्यायचा, कुणी त्याच्या वाट्याचं पाणी भरायचा.

त्यात लेम्युएल टार होता. हा त्यांच्याच गावचा. दोघांच्या घरांमध्ये एक ओढा आणि एक सफरचंदाची बाग, एवढंच अंतर. लेम्युएल बावीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. वर्षापूर्वी केझायाशी लग्न झालं होतं आणि तिला दिवस गेले होते. तो पत्र सांगायला बसला की आधी बराच वेळ टोपी हातात फिरवत राहायचा, मग एखादं वाक्य बोलायचा. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळी सप्टेंबरात जोथमने त्याची तीन पत्रं लिहिली. तिन्ही हॅडलॉकला पोचली. केझायाला वाचता येत नव्हतं. पाद्रीबाबांनी तिला ती वाचून दाखवली.

ऑक्टोबरात सैन्य न्यूयॉर्कचं बेट सोडून उत्तरेला हटू लागलं. ताप आणि हगवण यांनी निम्मी तुकडी आडवी केली होती. गाड्या तोफांना पुरत नव्हत्या, तिथे आजाऱ्यांना कुठून मिळणार? लेम्युएल तीन दिवस तापाने फणफणला होता. चौथ्या सकाळी निघताना कप्तानाने जोथमला बोलावून घेतलं.

"विकम, टारला तू सोबत घेऊन ये. मागे पडलात तरी चालेल, पण दोघं मिळून या. एकटा आलास तर एकोणचाळीस फटके मारवीन पाठीवर. समजलं?"

जोथमला समजलं होतं. आठवड्यापूर्वीच एकाची पाठ त्याने पाहिली होती.

दुपारपर्यंत ते दोघे सगळ्यांच्या मागे पडले. रस्ता मोकळा झाला. दर शंभर पावलांवर लेम्युएल थांबायचा, शेताच्या कडेच्या दगडी गडग्याला टेकायचा, पुन्हा उठायचा. शेवटी एका गडग्याच्या कडेला तो बसला तो बसलाच. त्याच सुमाराला पूर्वेकडून, खाडीच्या बाजूने, बंदुकांचे बार ऐकू येऊ लागले. आधी तुरळक, मग एकसारखे. जोथमने त्याला काखेत हात घालून उचलायचा प्रयत्न केला. लेम्युएल त्याच्या दीडपट होता.

"पाय उचलत नाही रे," लेम्युएल म्हणाला. "तू जा पुढे. गाडी मिळाली तर घेऊन ये. आणि सार्जंटला सांग, मी इथे रस्त्यावरच बसलोय म्हणून. टार पळाला असं कुणी म्हणायला नको."

जोथम हो म्हणाला. पहिलं शेत ओलांडेपर्यंत तो चालत गेला. मग पुन्हा बार झाले आणि तो पळत सुटला.

तुकडी गाठली तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. गाडी मागायची असं त्याने वाटेत शंभरदा ठरवलं होतं. पण सार्जंट आणि कप्तान एका दारूगोळ्याच्या गाडीपाशी उभे होते आणि कप्तानाने पहिलाच प्रश्न विचारला तो असा: "टार कुठाय?"

जोथमने सांगितलं, की टार परसाकडे म्हणून झाडीत गेला तो आलाच नाही. आपण हाका मारल्या, तासभर थांबलो, शोधलं.

कप्तान दमलेला होता. त्या आठवड्यात झाडीत गेलेले आणि परत न आलेले बरेच होते. त्याने शिवी हासडली आणि म्हणाला, "लिही मग."

महिनाअखेर जोथमने हजेरीपट लिहिला. लेम्युएल टार, फरारी, ऑक्टोबर १८. अक्षर नेहमीसारखंच, वळणदार. खाली सही: जो. विकम, कारकून.

पुढच्या महिन्यात आपण ते दुरुस्त करू, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात कप्तान स्पेरी तापाने गेला, कागद वरच्या छावणीत रवाना झाले, आणि डिसेंबरात तुकडीची मुदत संपली. जोथम बर्फातून चालत घरी आला.

त्याच्या आधी बातमी आली होती. केझाया दारात उभी होती, खांद्याशी सहा आठवड्यांची मुलगी. तिने त्याला आत बोलावलं, मक्याची गरम लापशी पुढे ठेवली आणि तो चार घास खाईपर्यंत थांबली. मग तिने विचारलं, "तू त्याच्याबरोबर होतास ना शेवटी? तो पळाला का रे?"

"मी पाहिलं नाही," जोथम म्हणाला.

तेवढं बोलून त्याने जे तोंड मिटलं, ते एकसष्ट वर्षं.

त्या वर्षांत केझायाच्या वाट्याला काय आलं ते जोथमने रोज ओढ्याच्या अलीकडून पाहिलं. लढाईवर गेलेल्यांच्या घरी गावातून धान्य आणि सरपण पोचत असे. फरारी माणसाच्या घरी ते पोचलं नाही. सासऱ्याने जमीन धाकट्या मुलाच्या नावे केली आणि तिला वरच्या अंगाचं दोन खोल्यांचं घर तेवढं दिलं. प्रार्थनाघरात तिच्या बाकावर बायका बसायच्या, पण मध्ये हातभर जागा सोडून. नवरा मेल्याचा पुरावा नाही, म्हणून ती धड विधवा नव्हती. तो परत यायचा नव्हता, म्हणून धड लग्नाची नव्हती. पस्तिशीत असताना पलीकडच्या गावच्या एका चांभाराने तिला विचारलं होतं. पाद्रीबाबांनी नकारार्थी मान हलवली. लेम्युएल पश्चिमेला कुठेतरी दुसरा संसार थाटून बसला असेल, असं लोक म्हणत. काहींनी तर त्याला पाहिल्याचंही सांगितलं.

मुलीचं नाव टॅम्सिन, लेम्युएलच्या आईचं. लेम्युएलच्या तिसऱ्या पत्रात तसं लिहिलं होतं. ती उंच, बापासारखी रुंद खांद्यांची, कामाला वाघीण. शाळेत पोरं तिच्यामागे "पळ, टार, पळ" म्हणत धावायची. एकोणिसाव्या वर्षी तिचं एका ठिकाणी जमत आलं होतं; मुलाच्या बापाने एका वाक्यात मोडलं. त्यानंतर तिने त्या वाटेकडे पाहिलं नाही.

जोथम तोवर गावचा मास्तर झाला होता, आणि पुढे गावचं दप्तरही त्याच्याकडे आलं. कोण जन्मलं, कोणाचं लग्न झालं, कोण वारलं, सगळं त्याच्या अक्षरात. त्याने लग्न केलं, तीन मुलं वाढवली, बायको पुरली. केझायाच्या घरी तो दर हिवाळ्यात सरपण टाकायचा. टॅम्सिनला त्याने फी न घेता शिकवलं. लोक म्हणत, मास्तर मनाचा मोठा. केझायाही तसंच म्हणायची. त्याचं कौतुक झालं की जोथम उठून जायचा. लोक तो त्याचा विनय समजत.

आणि ती पत्रं होती. वर्षातून एकदा, बहुतेक लेम्युएलच्या वाढदिवसाच्या आसपास, केझाया ती तीन पत्रं कापडाच्या घडीतून काढायची आणि जोथमला वाचायला सांगायची. टॅम्सिन वाचायला शिकली तरी हा नेम मोडला नाही. टॅम्सिनने एकदा रागावून विचारलं, की मी काय वाईट वाचते? केझाया म्हणाली, "तू छान वाचतेस गं. पण याने त्याला बोलताना ऐकलंय."

जोथम वाचायचा. काही वर्षांनी कागदाकडे पाहायची गरज उरली नाही, तरी तो कागद समोर धरायचा.

अठराशे छत्तीस साली कायदा झाला, की त्या जुन्या लढाईतल्या शिपायांच्या विधवांनाही पेन्शन मिळेल. शिपायांना ते आधीच मिळत होतं, जोथमलाही. गावातल्या दोघीतिघींनी अर्ज केले. केझाया ऐंशीला आली होती. ती म्हणाली, आपल्याला कोण देतंय. पण टॅम्सिनने धरलं ते सोडलं नाही. तिला पेन्शनचं फारसं नव्हतंच. तिचा बाप जून ते ऑक्टोबर इमाने लढला हे तरी कुणीतरी कागदावर लिहून द्यावं, एवढंच तिचं म्हणणं. जिल्ह्याच्या गावी ऑरिन पेल्टन म्हणून तरुण वकील होता. तो घोड्यावरून आला, चुलीपाशी बसला, आणि लग्नाचा पुरावा, नोकरीचा पुरावा असं काय काय लागेल ते त्याने सांगितलं. मग त्याला पत्रांबद्दल कळलं.

"छावणीतून लिहिलेली? तारखांसकट?" तो खुर्चीत पुढे सरकला. "आजी, याच्यापेक्षा भक्कम पुरावा मिळायचा नाही. पण नक्कल चालायची नाही. अस्सल कागद राजधानीला पाठवावे लागतील."

केझायाने पत्रांवर हात ठेवला आणि नाही म्हणाली. टॅम्सिनने समजावलं, तरी नाही. मग तिने जोथमकडे पाहिलं.

"जोथम, तू सांग. देऊ का?"

त्याने नंतर या क्षणाचा फार विचार केला. तिने पत्रं पाठवू नयेत असंच त्याला वाटत होतं. पण पत्रांनीच काम भागलं तर कुणी हजेरीपट उघडणार नाही, हेही त्याच्या मनात त्याच वेळी आलं. "दे," तो म्हणाला. "काम झालं की परत येतील."

पत्रं गेली. हिवाळा गेला. जून महिन्यात पेल्टन पुन्हा आला तेव्हा त्याच्या हातात एकच कागद होता. केझाया खिडकीशी शेंगा सोलत होती. जोथम सरपणाचं विचारायला आला होता तो दारातच थांबला. पेल्टनने घसा साफ करून वाचलं. पत्रांवरून इसम नोकरीत होता हे दिसतं. परंतु ऑक्टोबर १७७६ च्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे फरारी असा शेरा आहे. सबब अर्ज नामंजूर. सादर केलेले कागद प्रकरणासोबत ठेवून घेतले आहेत.

"ठेवून घेतलेत म्हणजे?" केझायाने विचारलं.

"म्हणजे, तिथेच राहतील, आजी. तसा नियम आहे."

शेंगांची परडी तिने बाजूला ठेवली. पेल्टन जोथमकडे वळला. हजेरीपटाच्या नकलेवर कारकुनाचं नाव होतं, तेव्हा मास्तरांना काही आठवत असेल तर अजून जबाब देता येईल, असं तो म्हणाला. त्या शेऱ्याचा आधार काय होता, कुणी सांगितलं होतं, एवढं जरी.

टॅम्सिनने सावकाश मान फिरवली. "जोथमकाका, ते तुम्ही लिहिलंत?"

एवढ्या वर्षांत हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या आईलाही नव्हतं; जोथम तिथे पत्रं लिहून द्यायचा, एवढंच त्यांना माहीत होतं. तुकडीतून परतलेल्यांनी सांगितलं होतं ते एवढंच, की नाव फरारीत लागलं.

जोथमने पेल्टनला बाहेर जायला सांगितलं. वकील आपल्या घोडागाडीपाशी जाऊन उभा राहिला. मग जोथम केझायाच्या समोरच्या बाकावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. गडगा, बार, पळणं, कप्तानाचा प्रश्न, झाडीची गोष्ट. लेम्युएलचा निरोप त्याने शब्द न बदलता सांगितला. मध्ये थांबला नाही, कारण थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही असं त्याला वाटत होतं.

केझाया ऐकत होती. तिचे हात मांडीवर पडून होते.

"तू निघालास तेव्हा तो जिवंत होता?"

"होता."

"पांघरूण होतं त्याच्याकडे?"

"होतं."

"पाणी?"

"अर्धा बुधला."

"तोंड कुठे करून बसला होता?"

जोथमने आठवायचा प्रयत्न केला. काही तरी सांगावंसं त्याला फार वाटलं. "ते मला आठवत नाही, केझाया. मी मागे वळून पाहिलंच नाही."

ती म्हणाली, "मी त्याला शिव्या दिल्यात रे. टॅम्सिन लहान असताना, चूल पेटत नसायची तेव्हा. दर दिवशी."

टॅम्सिन दाराकडे गेली आणि तिने दार उघडून धरलं. "मास्तर," ती म्हणाली, "तुम्ही आता जा." काका हा शब्द त्यानंतर तिच्या तोंडून कधी निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी जोथम पेल्टनच्या गाडीतून जिल्ह्याच्या गावी गेला आणि न्यायाधीशांसमोर शपथेवर जबाब दिला. जबाब लिहिणाऱ्या पोरगेल्या कारकुनाने दोनदा लेखणी थांबवून त्याच्याकडे पाहिलं. न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी विचारलं, की हे लिहून दिल्याने तुमचं स्वतःचं पेन्शन धोक्यात येईल, माहीत आहे ना? जोथम म्हणाला, माहीत आहे. त्याचं पेन्शन त्या वर्षअखेर बंद झालंच.

परत आला तर केझायाचा निरोप होता. न्यायाधीशाला सांगितलंस, गावाला सांग.

मग रविवारी, दोन प्रार्थनांच्या मध्ये, ब्याऐंशी वर्षांचा जोथम विकम प्रार्थनाघरात उभा राहिला. सगळ्या गावाने त्याच्या हाताखाली अक्षरं गिरवली होती. समोरच्या बाकावरची डोकी पांढरी होती, तीही त्याची विद्यार्थी. त्याने जे न्यायाधीशांना सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. आवाज मागेपर्यंत पोचत नव्हता. मागून कुणीतरी "मोठ्याने" म्हणालं, तेव्हा त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्याचा मुलगा उठून बाहेर निघून गेला. केझाया ताठ बसून होती, समोर पाहत. तिच्या बाकावर तिच्या बाजूला तेव्हाही हातभर जागा रिकामी होती. जोथमचं बोलून झालं. मग प्रार्थनाघराचा कारभार पाहणाऱ्या डीकनची म्हातारी बायको उठली आणि त्या जागेवर जाऊन बसली.

गावाचं दोन्हीकडून बोलणं सुरू झालं. काहींना वाटलं, एवढ्या वर्षांनी म्हाताऱ्याला हे उकरायला लावायला नको होतं. काहींनी त्याच्याशी बोलणं सोडलं, आणि त्यांत असे होते ज्यांनी टॅम्सिनच्या मागे धावून तिला चिडवलं होतं. जोथमला ते दिसलं, पण त्यावर बोलायचा हक्क आपल्याला नाही हेही त्याला कळत होतं.

राजधानीहून उत्तर सप्टेंबरात आलं. जबाब देणारा इसम स्वतःच्याच लेखी नोंदीविरुद्ध बोलतो आहे. साठ वर्षांनंतरच्या एकट्याच्या आठवणीवर हजेरीपट बदलता येत नाही. त्याच तुकडीतला दुसरा साक्षीदार हजर करावा. तुकडीतला दुसरा जिवंत माणूस एकच, तो सार्जंट, ओहायोत मुलाकडे राहायला गेलेला. पेल्टनने पत्र पाठवलं. मुलाचं उत्तर आलं, की वडील आता आम्हालाही ओळखत नाहीत.

ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी टॅम्सिन जोथमच्या दारात उभी राहिली. आत यायला तयार नव्हती. आईने अंथरूण धरलंय, ती म्हणाली. ती पत्रं मागते. पत्रं गेली हे ती विसरते आणि मग घडी उलगडून शोधत बसते.

"तुम्हाला ती पाठ असतील," टॅम्सिन म्हणाली.

"आहेत."

"मग लिहून द्या. मी वाचीन."

त्याला लिहायला दोन दिवस लागले. जे अक्षर कप्तानाला आवडलं होतं ते आता ओळखू येण्यासारखं नव्हतं. पण शब्द एकही चुकला नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतः कागद घेऊन ओढा ओलांडून गेला. टॅम्सिनने ते दारातच घेतले असते, पण आतून केझायाने कोण आहे म्हणून विचारलं आणि त्याला आत यायला सांगितलं.

ती उशीला टेकून होती, फार लहान झालेली. टॅम्सिनने पहिलं पत्र वाचलं. "माझ्या परमप्रिय पत्नी, ईश्वराच्या असीम कृपेने मी कुशल असून..." केझायाने हात वर केला.

"हे तो बोलला होता?"

जोथमने टॅम्सिनच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"परमप्रिय आणि असीम आणि ते सगळं. लेम्युएल असं बोलायचा? मी साठ वर्षं ऐकतेय, मला वाटायचं लढाईवर गेल्यावर माणूस असं बोलत असेल. यातलं त्याचं काय आणि तुझं काय, ते सांग आता."

"पत्र चांगलं दिसावं म्हणून मी घालायचो," जोथम म्हणाला. "सगळ्यांच्याच पत्रांत."

"मग काढ."

टॅम्सिनने दौत आणि लेखणी आणून दिली. खिडकीशी बसून जोथमने आपले शब्द खोडायला सुरुवात केली. मायना गेला. देवाची कृपा गेली, विरहाचं दुःख गेलं, स्वातंत्र्याच्या पवित्र कार्यावरची सहा ओळींचं लांबलचक प्रवचन गेलं. पान काळं होत गेलं. काही ठिकाणी तो अडायचा, एखादा शब्द कुणाचा ते आठवत नसे, तेव्हा तो खोडायचा. तिन्ही पत्रं मिळून जे उरलं ते टॅम्सिनने वाचलं, उभ्या उभ्याच:

मोजे पोचले. एक मोठा आहे, एक लहान, चालतील. तांबड्या गाईच्या शिंगाकडे बघ, माशा बसू देऊ नकोस. खालच्या शेताचा गडगा पडलाय तो मी आल्यावर रचीन, तू दगड उचलू नकोस या दिवसांत. इथलं पाणी वाईट आहे. मुलगी झाली तर आईचं नाव ठेव, मुलगा झाला तर तुला हवं ते. बाबांना सांग मी विचारलं होतं म्हणून. मला तुझी आठवण येते, सकाळी जास्त.

"ते शेवटचं?" केझायाने विचारलं.

"त्याचं," जोथम म्हणाला. "सांगताना तो उठून उभा राहिला होता."

केझायाने डोळे मिटले. "पुन्हा वाच, टॅमी," ती म्हणाली, आणि मग जोथमला, डोळे न उघडता: "तू जा आता. सरपण नको पाठवूस यंदा. आमचं आम्ही बघू."

तिने त्याला माफ केलं का, हे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

केझाया मार्चमध्ये गेली, जमीन अजून गोठलेली असताना. खड्डा खणायला दोन दिवस आग पेटती ठेवावी लागली. अर्ज राजधानीत तसाच पडून होता. तो पुढे कुणी उघडला नाही. टॅम्सिनने आईच्या दगडावर बापाचंही नाव कोरून घेतलं, खाली लिहिलं: रस्त्यावर, आजारात, १७७६. डीकनला ते पटलं नाही. कागदोपत्री माणूस फरारी असताना दगडावर असं कसं, असं तो म्हणाला. तेव्हा जोथमने गावचं दप्तर काढलं, मृत्यूच्या वहीत सतराशे शहात्तरच्या पानाच्या कडेला कोरी जागा शोधली, लेम्युएल टारचा मृत्यू तिथे नोंदला आणि स्वतःची सही केली. गावसभेत यावर कडाडून वाद झाला. अखेर नोंद राहू द्यावी असं ठरलं, आणि दप्तर जोथमकडून काढून घेऊन दुसऱ्याच्या स्वाधीन करावं असंही ठरलं. त्याने किल्ली त्याच बैठकीत टेबलावर ठेवली.

तो आणखी साडेतीन वर्षं जगला. मुलगा त्याला जेवायला वाढायचा, पण बोलायचा कमी. चांगल्या हवेत तो ओढ्यापर्यंत चालत जाई आणि तिथूनच परत फिरे. टॅम्सिन पलीकडे वाफ्यात काम करताना दिसायची. एकदा खालच्या शेतातला गडगा, शेत चुलत्याच्या घरी गेलेलं असूनही, ती एकटीच रचत होती, चौसष्ट वर्षांची बाई, दगड पोटाशी धरून. जोथम बराच वेळ उभा राहिला. तिने त्याला पाहिलं, आणि पुढचा दगड उचलायला वाकली.

अठराशे एक्केचाळीसच्या नाताळाआधी तो झोपेतच गेला. पुरायला गाव आलं, आधी वाटलं होतं त्यापेक्षा अधिक माणसं आली. टॅम्सिन टार मागे, दाराजवळ उभी होती. प्रार्थना संपेपर्यंत थांबली, आणि जेवणाची पानं मांडायच्या आत शाल डोक्यावरून ओढून घरी निघून गेली.